अर्डिसच्या पाच खिडक्या

सकाळचे सात वाजले होते. व्हर्न ओट्सच्या वाडग्यात साखर ढवळत होता आणि मी सिंकपाशी उभी राहून त्याला ऐकवत होते की डॉक्टरने एकच चमचा सांगितलाय आणि हा तिसरा आहे. तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली. आमच्या गावात मागच्या दारावर कोणी थाप मारत नाही. शेजारी असेल तर सरळ आत येतो, परका असेल तर पुढची घंटी वाजवतो. मागच्या दाराशी यायचं आणि वर थापही मारायची, असं करणारी एकच बाई मला माहीत होती.

"अर्डिस आली," मी म्हटलं.

"म्हणजे सप्टेंबर संपला," व्हर्न म्हणाला आणि त्याने चौथा चमचा घातला.

दारात अर्डिस फॉसच होती. काखेत गडद निळ्या कापडाचा तागा आणि हातात दोऱ्याचे पाच तुकडे.

"कामात असशील तर नंतर येते."

"आत ये गं."

"बूट मातीचे आहेत."

"मग काढ. कॉफी?"

"नको, नको."

"केलेली आहे."

"तुमच्यापुरतीच असेल."

"उरलेली ओतून द्यावी लागेल बघ."

"मग अर्धा कप," असं म्हणून ती बसली आणि नेहमीप्रमाणे दोन कप प्याली.

मग कपाकडे बघत म्हणाली, "पडदे शिवून देशील का? पाच खिडक्या आहेत. दिवसा अंधार करणारे हवेत. रात्रपाळीनंतर झोपच येत नाही बघ, दुपारी बारा वाजता ऊन पोलिसासारखं तोंडावर बॅटरी मारतं. अर्थात वेळ असेल तरच. तसं काही अडलेलं नाही."

हे "तसं काही अडलेलं नाही" आमच्याकडे सगळेच म्हणतात, घराला आग लागली तरी म्हणतात. मी नाही म्हटलं असतं तर ती "बरं बरं" म्हणून गेली असती आणि सबंध हंगाम खिडक्यांना टॉवेल टाचून झोपली असती. पाच दोरे म्हणजे पाच खिडक्यांची मापं होती. दोऱ्याची लांबी ही रुंदी आणि त्यावर मारलेली गाठ ही उंची. टेप तिच्याकडे होती, पण तिचा विश्वास दोऱ्यावर.

अर्डिस एकोणसत्तर वर्षांची. तिने साउथ डकोटात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. बर्फात, धुक्यात, एकदा तर टायर फुटलेला असतानाही पोरं घरी पोचवली. एकाही पोराला कधी खरचटलं नाही, हे वाक्य ती स्वतः कधी बोलत नसे, पण दुसऱ्या कोणी म्हटलं की चेहरा मुद्दाम दुसरीकडे वळवत असे. निवृत्त झाल्यावर तिने घर विकलं आणि जुन्या पिकअपमागे तेरा फुटी ट्रेलर जोडला. पत्र्याचा, पांढरा, पोटाशी गोल. आत एक पलंग, एक टेबल, दोन बर्नरची शेगडी आणि एका माणसाला वळायला जागा. दोन असली की एकाने पलंगावर चढायचं. हिवाळ्यात ती टेक्ससला जाई आणि ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे, साखरेच्या बिटाच्या हंगामाला. हे तिचं सातवं वर्ष.

आमचं गाव एरवी साडेचारशे माणसांचं. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला बीट खणायला सुरुवात झाली की पुढचे पंधरा दिवस रात्रंदिवस ट्रक धावतात आणि आमच्या घरासमोरची कॅम्पची जागा देशभरातून आलेल्या ट्रेलरांनी भरून जाते. त्या जागेची देखभाल व्हर्नकडे आहे. पाणी, वीज, कचरा तो बघतो. बाकी सगळ्यांवर नजर ठेवायचं काम मला कोणी दिलेलं नाही, ते मीच घेतलंय. कारखान्याच्या यार्डात बिटाचा डोंगर रचला जातो, तिथे बारा बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. अर्डिस कायम रात्रपाळीची. ट्रकमधून नमुन्याचं बीट पिशवीत काढून घ्यायचं, चिठ्ठी लावायची, पुढच्या ट्रकला हात करायचा. सकाळी आठनंतर परत यायचं आणि दिवसभर झोपायचं.

म्हणून कॅम्पात एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही पण त्याहून पक्का. दिवसा ज्या ट्रेलरचे पडदे लावलेले, तिथे रात्रपाळीचं माणूस झोपलंय. दार वाजवायचं नाही, गाडीचं दार आपटायचं नाही, कुत्रं भुंकलं तर त्याला घेऊन बाहेर फिरायला जायचं.

मी तीन दिवसांत पडदे शिवले. निळ्या कापडाला काळं जाड अस्तर लावलं, चारी काठ दुमडून दुहेरी टीप घातली. खालीवर दोन्हीकडे नेफा केला, कारण ट्रेलरची भिंत खिडकीखाली आत कलते आणि नुसत्या वरच्या दांडीला लोंबणारा पडदा काचेपासून सुटून अंगावर येतो. त्याला खालच्या दांडीनेही धरून ठेवावं लागतं, म्हणजे रस्त्यावर ट्रेलर हिंदकळला तरी पडदा जागचा हलत नाही.

लावायला आम्ही दोघीच होतो. मी पलंगावर गुडघे टेकून दांडी धरलेली आणि अर्डिस स्क्रू पिळतेय.

"आखूडच स्क्रू घे," ती म्हणाली. "भिंत अंगठ्याएवढीसुद्धा जाड नाही. लांब गेला तर बाहेर पत्र्यातून नाक काढेल, आणि मग पाऊस आत यायला कायमचा मोकळा."

"मला शिकवू नकोस. मागच्या वर्षी ट्रूडीच्या ट्रेलरला सहा भोकं पाडली ती माझ्या नवऱ्याने, मी नाही."

ती हसली आणि हसता हसता तिच्या कोपराशी ठेवलेला स्क्रूचा डबा तिच्याच धक्क्याने खाली गेला. स्क्रू सगळ्या जमिनीवर. मग तो उचलायला वळली, तर माझी कॉफी लवंडली. कप तिच्या अगदी बाजूला होता.

"अगं, डोळे कुठे ठेवलेस? टेक्ससला विसरून आलीस का?" मी म्हटलं.

"येतील पोस्टाने," ती म्हणाली.

आम्ही दोघी हसलो. ते वाक्य मी बोलले, हे मला आता कोणी विसरू दिलं तर बरं होईल.

पाचही पडदे ओढले तेव्हा भर दुपारी आत मांजर दिसणार नाही असा काळोख झाला. सुईच्या टोकाएवढंही ऊन येत नव्हतं. अर्डिस अंधारातच म्हणाली, "नोरीन, हे पडदे नाहीत, ही रात्रच शिवून दिलीस." मला इतका अभिमान वाटला की घरी येऊन व्हर्नला ते वाक्य दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला गेले तेव्हा तो गॅरेजमध्ये निघून गेला.

हंगाम सुरू झाला. रोज संध्याकाळी साडेसहाला अर्डिस पिवळं जाकीट घालून, डबा घेऊन पिकअपमध्ये बसे आणि माझ्या खिडकीकडे हात करी. सकाळी आठनंतर पिकअप परत येई आणि पाच निळे पडदे दिवसभर बंद. मी त्या पडद्यांची राखण करू लागले. आर्कन्सॉहून आलेली ट्रूडी तिच्या शेजारच्याच जागेत होती, दिवसपाळीला नवरा आणि ही दिवसभर रेडिओ लावून कणसं भाजत बसलेली. एकदा मी रस्ता ओलांडून गेले आणि तिला धारेवर धरलं.

"त्या पडद्यामागे एकोणसत्तर वर्षांची बाई झोपलीय, ट्रूडी. बारा तास उभी राहून आलीय. आणि तुला नाचायचंय?"

"मी बसलेय, नोरीन. नाचत नाहीये."

"तुझा रेडिओ नाचतोय."

ट्रूडीने रेडिओ बंद केला, पण पुढे दोन दिवस मला "मॅडम शेरीफ" म्हणत राहिली.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. आमच्या गावाचं आठ पानी वर्तमानपत्र दर बुधवारी निघतं. चौथ्या पानावर "घरोघरी" नावाचं सदर मी बावीस वर्षं लिहितेय. कोणाकडे कोण पाहुणे आले, कोणाचा भोपळा किती किलोचा झाला, चर्चच्या कॉफीला कोणाचा केक लवकर संपला. त्या बुधवारी मी अर्डिसवर लिहिलं. तिची शाळेची बस, रात्रपाळीचा तिचा सातवा हंगाम, आणि शेवटी असं की, आपण रजईत गुरफटून झोपतो तेव्हा ही बाई शेकड्यांनी ट्रक मोजत उभी असते, आणि गुडघा दुखतो म्हणून कुरकुरणाऱ्या आपल्यापैकी काहींनी तिच्याकडे जरा बघावं. शेवटचं वाक्य व्हर्नसाठी होतं. सगळ्यांना फार आवडलं. दुकानातल्या ग्लेन्डाने पाच प्रती अर्डिसच्या पिकअपच्या वायपरखाली खोचून ठेवल्या. चर्चमध्ये बायकांनी तिच्यासाठी लोकरीचे हातमोजे विणायला घेतले.

पुढच्या मंगळवारी दुपारी बारा वाजता पुढची घंटी वाजली. यार्डावरचा मुकादम ट्रेव्हर होता, तिशीचा, लाजरा, टोपी हातात धरून उभा.

"मिसेस हॉगन, ही अर्डिसची थर्मास. आमच्या शेडमध्ये राहिली होती. तिच्या ट्रेलरचे पडदे लावलेले दिसले, म्हणून वाजवलं नाही."

"छान केलंस. झोपली असेल बिचारी. संध्याकाळी कामावर निघताना देते तिला."

तो जागेवरून हलेना. टोपी एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

"कुठल्या कामावर?"

"तुझ्याच की. रात्रपाळी."

"मिसेस हॉगन, ती दुसऱ्या रात्रीनंतर आलेली नाही. म्हणजे, मीच येऊ नको म्हणालो." त्याचे कान लाल झाले होते. "ती येणाऱ्या ट्रकसमोर सरळ चालत गेली. ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून वाचली. तिला बाजूचा ट्रक दिसलाच नाही. केवढा मोठा ट्रक असतो तो, दिव्यांनी लखलखलेला. मला ठेवता आलं नाही हो. मी लहानपणी ती चालवायची तसल्याच एका बसमधून शाळेत गेलोय, मला कसं वाटलं असेल..."

मी त्याला कॉफीसुद्धा विचारली नाही. तो गेला, आणि मी थर्मास हातात धरून दारातच उभी राहिले. दुसरी रात्र म्हणजे ऑक्टोबरची दोन तारीख. माझं सदर आलं सातला. मी तिच्यावर लिहिलं तेव्हा तिला घरी पाठवून पाच दिवस झाले होते.

व्हर्नला सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलंच. तिची पिकअप मी धान्याच्या कोठाराच्या मागे पाहिली. परवा, अंधार पडताना."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू पेपरात छापलं होतंस," तो म्हणाला. टोमणा नव्हता तो. म्हणूनच जास्त लागला.

मी रस्ता ओलांडला. निळे पडदे बंद होते, एकही फट नाही. दाराशी गेले आणि हात वर करून तसाच धरला, कारण दहा दिवस मी सगळ्या कॅम्पाला हेच दार वाजवू नका म्हणून दटावत होते. आतून आवाज आला. पत्ते पिसल्याचा. मग पत्ते एकेक टेबलावर ठेवल्याचा. ती जागी होती. दहा दिवस, भर दिवसा, त्या काळ्याकुट्ट डब्यात एक दिवा लावून ती एकटी पत्ते खेळत बसली होती, कारण बाहेर मी सगळ्यांना सांगत होते की ती झोपलीय.

"श्शू!" मागून ट्रूडी म्हणाली. ती खुर्चीत बसून बटाटे सोलत होती. "मॅडम शेरीफ, तिथे बारा तास उभी राहून आलेली बाई झोपलीय!"

मला रडू येईल असं वाटलं. थर्मास हळूच पायरीवर ठेवून निघून जावं, हेही मनात आलं. पायरीवर ठेवलीसुद्धा. मग लक्षात आलं की दार उघडल्यावर ती थर्मास तिला सगळं सांगेल, आणि सांगणारी मात्र मागच्या मागे पळालेली असेल. थर्मास परत उचलली. तेवढ्यात दार आतून उघडलं.

अर्डिसने आधी माझ्याकडे पाहिलं, मग थर्मासकडे.

"ट्रेव्हर आला होता," ती म्हणाली.

"हो."

"ये आत. बूट राहू देत."

आत कोंदट गरम होतं. टेबलावर पत्ते मांडलेले, त्याच्या बाजूला ग्लेन्डाने खोचलेल्या पाच प्रती, एकावर एक नीट ठेवलेल्या. मी पलंगावर बसले. ती समोर. आमचे गुडघे एकमेकांना लागत होते.

"काचबिंदू आहे," ती म्हणाली. "समोरचं दिसतं. बाजूचं गेलंय. टेक्ससच्या डॉक्टरने मार्चमध्ये सांगितलं. मला वाटलं, एवढा एक हंगाम निघेल. निघाला नाही."

"आणि रोज संध्याकाळी गाडी घेऊन..."

"उजेड असतो तेव्हा. कोठारापर्यंत. सरळ रस्ता आहे, दोन मिनिटांचा. गाडी तिथे लावायची, अंधार पडला की रुळांच्या बाजूने चालत परत यायचं. सकाळी पुन्हा चालत जायचं आणि गाडी घेऊन यायचं. करू नये ते. मला माहितीये करू नये ते."

"पण का, अर्डिस? आम्हाला सांगितलं असतंस तर..."

"सांगणारच होते. तीन तारखेला सकाळी तुझ्याकडे यायला निघालेही. तू बाहेर ट्रूडीला झापत होतीस. 'त्या पडद्यामागे' वगैरे. मी दार अर्धं उघडलं होतं, परत लावून घेतलं. म्हटलं उद्या सांगू." तिने पत्ते गोळा करायला घेतले. "मग उद्याचा परवा. मग हे आलं." तिने पाच प्रतींवर हात ठेवला. "एकतीस वर्षांत एकाही पोराला खरचटलं नाही, असं लिहिलंस तू. आणि मी तीस टनांच्या ट्रकसमोर चालत गेले. ते वाचून मी काय तोंड दाखवणार होते, नोरीन?"

मला एवढंच दिसत होतं की डबा तिच्या कोपराने पडला, कप तिच्या हाताने लवंडला, आणि मी, जिला गावातल्या प्रत्येक घरात काय चाललंय ते कळतं असं लोक म्हणतात, ती मी त्यावर विनोद केला होता. तिला मी बघितलंच नव्हतं. मी माझे पडदे बघत होते.

"मी पुढच्या बुधवारी दुरुस्ती छापते," शेवटी म्हटलं. "माझी चूक झाली म्हणून."

"काय छापशील? 'गेल्या अंकातली अर्डिस कोणी दुसरीच होती'?" ती हसली, पण हसणं मध्येच संपलं. "छापू नकोस. तुझी चूक नाही ती. म्हणजे थोडी आहे."

"थोडी नाही."

"बरं, बरीच आहे," ती म्हणाली, आणि त्याने मला जरा श्वास घेता आला.

बाहेर ट्रूडी नवऱ्याला फोनवर सांगत होती की आज पाचला यार्डाच्या शेडमध्ये सगळ्यांचं एकत्र जेवण आहे, त्याने पाळी सुटताच तिथे यावं. हंगाम संपत आला की दरवर्षी असतं ते. रात्रपाळीची माणसं जेवून कामावर निघतात, दिवसपाळीची मागून येतात, चर्चच्या बायका खिम्या-बटाट्याची मोठी मोठी भांडी घेऊन येतात. ते हातमोजे तिथेच देणार होत्या. अर्डिसला त्याबद्दल माहीत नव्हतं. मी तेही सांगून टाकलं.

तिने पत्ते एकसारखे करून रबरबँड लावला. मग हात टेबलावर ठेवून माझ्याकडे समोर बघत, तिला जेवढं दिसत होतं तेवढं सगळं माझ्याकडे लावून, म्हणाली:

"मी येते पाचला. बटाट्याचं सॅलड करून आणते. त्यांना तू सांग. मला जमणार नाही, तोंड उघडलं की मी काहीतरी चेष्टाच करीन. डोळ्यांचं सांग, आणि ट्रकचंही सांग. फक्त मी तिथे बसलेली असताना सांग, नोरीन. मी नसताना नको."